बॅट टाकून पळायचं

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारी तिखटमीठ लावून सांगते. सौदीतल्या अबकैकच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मला घाबरायला काहीही पुरायचं. तेलाच्या प्लांटच्या उंच चिमणीवर चोवीस तास एक ज्योत जळत असायची. वारा फिरला की तिचा आवाज थेट मोरीच्या खिडकीतून आत यायचा, कुणी बाहेर उभं राहून दम टाकत असल्यासारखा. अधूनमधून चाचणीचा भोंगा वाजायचा, आणि तो चाचणीचाच आहे हे ठाऊक असूनही मी पळत अम्मीजवळ जायचे. खिडकीतला एसी खडखडून बंद पडला की त्या शांततेचीसुद्धा धास्ती वाटायची. पण सगळ्यांवर कडी म्हणजे दाराची बेल. अब्बा घरात नसताना बेल वाजली की अम्मी गॅस बारीक करायची, ओठांवर बोट ठेवायची, आणि आम्ही दोघी मायलेकी ओट्याला टेकून श्वास धरून उभ्या राहायचो. बाहेर बहुतेक वेळा शेजारची हैदराबादची रेहाना आंटी असायची, विरजणाला दही मागायला आलेली. तरी पुढच्या वेळी बेल वाजली की गॅस पुन्हा बारीक व्हायचाच.

अम्मी म्हणायची, आपलं सगळं घर तुझ्या अब्बांच्या खिशात हाय. तिथं राहायचा परवाना, म्हणजे इकामा, अब्बांना मिळाला होता तो कफीलच्या, म्हणजे त्यांना कामावर आणणाऱ्या मालकाच्या जोरावर. आणि अम्मीला नि मला मिळाला होता तो अब्बांच्या जोरावर. अब्बांच्या खिशातलं ते एक लहानसं पुस्तक गेलं की आमची चूल, माझी शाळा, अम्मीचं शिलाई मशीन सगळं एका रात्रीत गुंडाळायचं. त्यामुळे अब्बा कामाला निघाले की अम्मी त्यांचा डबा बघायच्या आधी खिसा चाचपून बघायची. आता तिथं बायकांनाही गाडी चालवायची मुभा आहे, माझी सून संध्याकाळी स्वतः गाडी काढते आणि मला खोबरला समुद्रावर फिरवून आणते. ती मजेत गाणी लावते आणि मी शेजारी बसून सारखी मागच्या आरशात बघत असते, कुणी अडवतंय का म्हणून. ती म्हणते, “मम्मी, रिलॅक्स!” सांगणार कसं तिला, की ही सवय कुठून लागली.

अब्बा दाभोळकडचे. हातानं वेल्डर, पुढे सुपरवायझर झाले म्हणून आम्हाला क्वार्टर मिळालं. कंपनीत रत्नागिरी-रायगडकडची बरीच माणसं होती, बहुतेक एकटी, कॅम्पात राहणारी, आणि शुक्रवारी सकाळी कॅम्पामागच्या सपाट जागेत त्यांचं क्रिकेट चालायचं. त्या दिवशी अम्मी पहाटे उठून सांदणं करायची. तांदळाचा रवा रात्रीच भिजलेला, नारळाचं दूध डब्यातलं, आणि आंबवायला ती जे काय घालायची ते मला तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. घरभर वाफ आणि वेलचीचा वास. सांदणांचा डबा घेऊन अब्बा गेले की अकरा माणसं खेळ सोडून डब्याभोवती, असं आमचे दाऊदचाचा सांगायचे. दाऊदचाचा श्रीवर्धनचे, नात्यानं आमचे कुणीच नव्हते, पण परदेशात अम्मीनं भाऊ मानलेला माणूस.

एका शुक्रवारी कंपनीचा अमेरिकन मॅनेजर तिथून गाडीनं चालला होता. त्यानं दाऊदचाचांना पळत जाऊन उघड्या हातानं झेल घेताना पाहिलं आणि गाडी थांबवली. अमेरिकन लोकांच्या मोठ्या कंपाउंडमध्ये हिरव्या गवताचं मैदान होतं आणि तिथं त्यांची बेसबॉलची मोठी लीग चालायची. तिच्या हाताखाली ठेकेदार कंपन्यांसाठी एक छोटी लीग निघत होती, तेल मारून दाबलेल्या वाळूच्या मैदानावर. आमच्या कंपनीला टीम हवी होती आणि मॅनेजरला ती झाडाला लागलेल्या आंब्यांसारखी आयती सापडली. अशी आमची बेसबॉलची टीम जन्माला आली. नाव ‘कॅमल्स’. पिवळ्या शर्टावर उंटाचं चित्र, आणि ते इतकं गरीब बिचारं की अम्मी म्हणाली, “हा उंट नाय, भिजलेला बकरा हाय.”

शिकवायला रॅमोन म्हणून एक फिलिपिनो आला, रंगाच्या स्टोअरवरचा, बुटका आणि गडगडाटी. त्याचं आणि आपल्या लोकांचं बोलणं कॅम्पातल्या हिंदीत. पहिले काही आठवडे त्यानं डोकं धरून काढले. मोजे हातात चढवायचे म्हणजे बायकांचं काम, असं म्हणत आपली माणसं ग्लोव्ह काढून काखेत धरायची. दाऊदचाचांनी चेंडू अलगद मागे वळवला, फार सुंदर, आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले, तर रॅमोन ओरडला, “फाउल! पीछे नहीं मारना!” चाचा दुखावले. एवढा नाजूक फटका आणि त्याला फाउल म्हणतो म्हणजे काय. पण सगळ्यांत अवघड गेलं ते बॅट टाकणं. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथंच टाकायची आणि रिकाम्या हातानं पहिल्या बेसकडे, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या पहिल्या गादीकडे, पळायचं. आपल्या लोकांना हे पटेचना. लहानपणापासून अंगात मुरलेलं की बॅट म्हणजे लांब झालेला हात. पळत जायचं, वाकायचं आणि रेषेपलीकडे बॅट टेकायची, टेकली की वाचलो. सगळी टीम बॅट घेऊन पळायची, आणि रॅमोन मागून बोंबलत पळायचा, “बॅट छोड़ो, फिर भागो!” शेवटी त्यानं युक्ती काढली. चेंडू मारला की टाळ्या वाजवत पळायचं, म्हणजे हातात बॅट राहायलाच नको. मग काय, भर उन्हात मिशाळ माणसं टाळ्या पिटत धावतायत आणि कॅम्पातली बाकीची जनता हसून लोळतेय. अब्बासुद्धा टाळ्या वाजवत पळायचे. मी आणि अम्मी मैदानाच्या कडेला पिकअपमध्ये बसून, काच अर्धी खाली करून बघायचो. अम्मीला तो कडक चेंडू बघवायचा नाही. चेंडू उडाला की ती डोळे मिटून आयत म्हणायची आणि मला विचारायची, “कुणाला लागला काय गो?”

टीम तशी हरायचीच. पण हळूहळू कमी हरायला लागली, एकदोनदा जिंकलीसुद्धा, आणि अब्बांच्या चालण्यात मी कधी न पाहिलेला ऐटबाजपणा आला. जेवताना ते अम्मीला बेसबॉल समजावून सांगायचे, वाटी पहिला बेस, लिंबाची फोड दुसरा. घरात त्या दिवसांइतकं हसणं मी परत फारसं ऐकलं नाही.

ते घडलं ती सकाळही शुक्रवारचीच. समोर इंजिनिअर लोकांची टीम, आणि त्यांच्या पहिल्या बेसवर फहद. उंच, हसरा मुलगा, अमेरिकेत शिकून आलेला. स्वतःच्या गाडीतून बर्फाची पेटी आणायचा आणि दोन्ही टीमना पाणी द्यायचा. त्याचा मामा कुठल्या तरी मोठ्या ऑफिसात आहे असं कॅम्पात बोललं जायचं, म्हणून आपली माणसं त्याच्याशी जरा जपूनच असायची. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात अब्बांना पहिल्या बेसवर बाद दिलं. अब्बांना ते मान्य नव्हतं. ते फहदसमोर उभे राहून मोठ्यानं बोलले, बोट दाखवून बोलले. फहद हसत होता, नंतर अब्बाही हसले आणि परत आले. पण ते बोट सगळ्या मैदानानं पाहिलं होतं.

शेवटी शेवटी अब्बांची पाळी आली तेव्हा एक धाव मिळाली तर जिंकतो अशी अवस्था होती. पिकअपच्या आत भट्टी झालेली, मी काचेला नाक लावून. अब्बांनी चेंडू जमिनीलगत मारला. समोरच्या माणसानं तो उचलून फहदकडे फेकला, पण फेक खाली आली, म्हणून फहद एक पाय बेसवर ठेवून पुढे पार वाकला. अब्बा जिवाच्या आकांतानं धावत येत होते आणि त्यांच्या हातात बॅट होती. टाळ्या नाहीत, काही नाही, बॅट. त्यांना ती आहे हे ठाऊकही नसावं. ते वाकले आणि जन्मभर जसं केलं तसं बॅट पुढे सरकवून टेकायला गेले. क्रिकेटमध्ये तिथं नुसती चुन्याची रेघ असते. इथं जाड, उंच गादी होती. बॅट गादीच्या कडेवर आदळली, उसळली आणि वाकलेल्या फहदच्या डाव्या डोळ्यावर बसली. आवाज मी गाडीत ऐकला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही.

फहद दोन्ही हात तोंडावर घेऊन वाळूत पडला, बोटांमधून रक्त. माणसं धावली. अब्बा तसेच उभे, हातात बॅट. कुणीतरी अरबीत ओरडत होतं, कुणी इंग्रजीत. दाऊदचाचांनी जाऊन अब्बांची बोटं एकेक करून बॅटवरून सोडवली. फहदला गाडीत घालून नेलं. मग पोलिसांची जीप आली. अधिकारी तरुण होता, सभ्यपणे बोलत होता, आणि त्याच सभ्यपणानं त्यानं अब्बांना मागच्या सीटवर बसवलं. अब्बांनी पिकअपकडे पाहिलं. हात करावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं असं वाटलं, आणि त्यांनी केला नाही. अम्मी मला म्हणत होती, “उतर, उतर, जा,” आणि तिनं माझा दंड असा घट्ट धरला होता की मला हलताही येत नव्हतं. घरी आम्हाला दाऊदचाचांनी आणलं. तिथं बायकांनी परक्या पुरुषाबरोबर गाडीत बसायचं नसे, म्हणून सगळ्या वाटेत मी मनात पाठ करत होते, कुणी अडवलं आणि विचारलं हा गाडी चालवणारा तुमचा कोण, तर काय सांगायचं.

अब्बा त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. चाचा रोज बातमी आणायचे आणि ती रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट असायची. पोलिसांचं म्हणणं, बेसबॉल खेळणारा माणूस बॅट टाकतो. सगळे टाकतात. मग हा माणूस एवढ्या लांब बॅट घेऊन धावला कशाला, आणि वाकलेल्या माणसाच्या तोंडाशी ती नेली कशाला? त्यातून आधी भांडण झालेलं, बोट दाखवलेलं. ठाण्यावर क्रिकेट कुणाला ठाऊक नव्हतं. रॅमोन बिचारा साक्ष द्यायला गेला. भला माणूस, खरं बोलला: मी यांना रोज सांगत होतो, बॅट टाका, बॅट टाका. झालं. म्हणजे सांगूनसुद्धा टाकली नाही. त्यानं अब्बांना वाचवायला तोंड उघडलं आणि त्यांना आणखी खोल नेलं. कंपनीनं त्याच आठवड्यात टीम मोडली. पिवळे शर्ट परत मागवले, मैदानावरच्या गाद्या उचलल्या. मॅनेजरनं ‘कॅमल्स’चं नाव पुन्हा काढलं नाही. कफीलच्या ऑफिसातला माणूस चाचांना म्हणाला, प्रकरण मिटेपर्यंत काही विचारू नका, खलास.

मिटायचा रस्ता एकच होता. फहदनं तनाझुल द्यायला हवं होतं, म्हणजे माझी काही तक्रार नाही, मी माफ केलं, असं सांगायला हवं होतं. तो देईल की नाही, आणि डोळा राहील की जाईल, ह्या दोन गोष्टींवर आमचं घर टांगलेलं. अम्मी गॅस पेटवायची आणि विसरायची. रेहाना आंटी धीर द्यायला आली आणि आवाज खाली करून म्हणाली, “भाभी, सुना है यहाँ आँख के बदले आँख होती है।” तिनंही ते कुठे तरी ऐकलेलंच होतं, कायदा तिला काय ठाऊक. पण ती गेल्यावर मी मोरीत जाऊन कडी लावली, डावा डोळा हातानं झाकला आणि सुईत दोरा ओवून बघितला. जमेना. अब्बा वेल्डिंग कसं करणार, एवढंच माझ्या डोक्यात. बाहेर अम्मी दार वाजवत होती आणि मी सुई हातात घेऊन रडत होते. त्या दुपारी वाटली तेवढी भीती मला आयुष्यात परत वाटलेली नाही, बाळंतपणातही नाही.

फहदला दवाखान्यातून घरी दम्मामला आणल्याचं कळलं, तेव्हा अम्मी म्हणाली, “मी जाते.” जी बाई बेल वाजली तर गॅस बारीक करायची, ती. चाचांनी फोन करून विचारलं. दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजनंतर या, असं फहदच्या आईनं कळवलं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून अम्मीनं सांदणं करायला घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा ती फुगली नाहीत. भाकरीसारखी चपटी. तरी तीच डब्यात भरली.

बायकांच्या बैठकीत आम्हाला बसवलं. जाड गालिचा, कडेनं लोड. फहदची आई समोर येऊन बसली. गोरी, थकलेली, रडून डोळे सुजलेले. आपल्या घरी आलेल्याला कॉफी द्यायचीच म्हणून तिनं दिली. अम्मीनं तो छोटा कप नुसताच धरून ठेवला, म्हणून मी तो काढून घेतला. मला शाळेतली अरबी यायची, वाचण्यापुरती, बोलण्यात अडखळणारी. अम्मी सांगत गेली आणि मी जमेल तसं सांगत गेले: माझा नवरा वाईट नाही, त्यानं मुद्दाम केलं नाही. ती बाई ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

“लेश?” का? सगळे टाकतात, तुझ्या बापानंच का नाही टाकली?

क्रीजला अरबीत काय म्हणतात? बॅट टेकवणं म्हणजे काय? मला एक शब्द आठवेना. अम्मी माझ्याकडे बघत होती, ती बाई बघत होती. मी उठले. दाराशी मोलकरीण उभी होती, तिच्याकडून झाडू मागून घेतला. गालिच्याच्या कडेकडे बोट दाखवलं. ही रेघ. मग खोलीच्या त्या टोकाला गेले, बुरखा वर खोचला आणि धावले. कडेपाशी येऊन वाकले आणि झाडूचा दांडा रेघेपलीकडे सरकवून टेकवला. वाचले. परत गेले, धावले, या वेळी दांडा रेघेच्या आधीच थांबवला आणि बाद म्हणून मान हलवली. गेले. अम्मीनं तोंडावर पदर धरला होता. मी पुन्हा धावले. पुन्हा. कितीदा ते आठवत नाही. थांबले तर ती बाई नाही म्हणेल, असं वाटत होतं.

“वन मोअर टाइम,” आतल्या दारामागून आवाज आला.

फहद. दार थोडं उघडं होतं आणि तो कधीपासून तिथं उभा होता, देव जाणे. मी खाली बघत पुन्हा धावले आणि दांडा टेकवला.

“बॅट टेकली तरी चालतं?” त्यानं इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, हो. “आणि तिथं बेस नसतो? उंच काही?” मी म्हटलं, नाही, नुसती चुन्याची रेघ, जमिनीवर. तो आईकडे वळला. मग आईशी भराभरा काहीतरी बोलला. मला त्यातलं ‘रेघ’ एवढंच कळलं. ती बाई आम्हाला हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही, इन्शाअल्लाह म्हणाली आणि डबा ठेवून घेतला. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना चाचांनी विचारलं, काय म्हणाली, आणि अम्मीनं त्यांना तोच एक शब्द सांगितला. इन्शाअल्लाहचे किती अर्थ होतात हे त्या देशात राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

अब्बा आले त्यानंतर, एका सकाळी. बेल वाजली, गॅस बारीक झाला, आणि बाहेरून त्यांनी खाकरून हाक मारली. दाढी वाढलेली, शर्ट तोच पिवळा. अम्मीनं आधी त्यांना दारातच थांबवलं. खिसा चाचपला, इकामा होता, आणि तिथंच दारात बसून ती हमसून हमसून रडली. फहदनं माफ केलं होतं. डोळा काढावा लागला नव्हता, पण त्यातली नजर गेली होती.

अब्बांनी आंघोळ केली, चहा घेतला आणि म्हणाले, आधी त्याच्याकडे जायचं. आम्ही दोघी मागे बसलो. फहदच्या घरासमोर त्यांनी पिकअप थांबवली आणि एकटेच उतरले. फहद फाटकाबाहेर आला, हातात गाडीच्या किल्ल्या, कुठे तरी निघाला असावा. पट्टी काढलेली होती. त्यानं अब्बांना पाहिलेलं नव्हतं. अब्बा भरभर चालत गेले, त्याच्या डाव्या, न दिसणाऱ्या बाजूनं, आणि सलाम करून त्यांनी हात पुढे केला.

फहद दचकून मागे सरला. किल्ल्या पडल्या. दोन्ही हात तोंडावर घेऊन, पाठ फाटकाला लावून तो उभा राहिला, आणि एवढा उंच माणूस खांद्यात आखडून लहान दिसायला लागला. गाडीत अम्मीनं माझा हात धरला. आम्ही दोघींनी इतके दिवस जे घरात भोगलं होतं, ते आता त्या मुलाच्या अंगात उभं होतं, आणि ते कुणाच्या माफीनं जाणारं नव्हतं.

अब्बांनी हात खाली घेतला. थोडे मागे आले. किल्ल्या उचलल्या. मग मोठा वळसा घालून, सावकाश, पाऊल वाजवत ते त्याच्या उजव्या बाजूला गेले, त्याला दिसतील असे समोर उभे राहिले, आणि तो हात तोंडावरून काढेपर्यंत तिथंच थांबले.